सहलीचा शिधा आणि वहिनींचे सारनाथ



थंडी सुरू झाली की आपल्या वस्त्यांतून सारनाथ, बुद्धगया, राजगीर, कुशीनगरच्या सहलींची चर्चा सुरू होते. विहाराच्या फळ्यावर नावे लागतात, हप्ते गोळा होतात, गाडी ठरते. मात्र गाडीत खाण्यापिण्याचे काय न्यायचे, हा प्रश्न शेवटच्या रात्रीवर ढकलला जातो. मग कोणीतरी उठून वाण्याकडे जातो आणि हाताला येईल ते पोत्यात भरून आणतो. गेल्या दोन सहलींत शिध्याची जबाबदारी आमच्याकडे होती. पहिल्या खेपेस आम्ही ती पार बिघडवली. दुसऱ्या खेपेस बरी निभावली. त्या अनुभवातून जे शिकलो ते यंदाच्या सदरात मांडत आहोत.

परदेशात स्वयंपाकघर, बिछाना, न्हाणीघर सगळे आत असलेली मोटार घेऊन लोक महिना-महिना फिरतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ मध्ये अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या खिशाला मात्र सतरा आसनी भाड्याची गाडी परवडते, तीही सोळा जणांनी वर्गणी काढली तर. मागच्या दोन आसनांची जागा हीच आपली कोठीची खोली. ती कशी भरावी, एवढाच आजचा विषय. दिसायला विषय लहान आहे. पण त्याच्यापायी आमच्या शेजारच्या वहिनींचे सारनाथ हुकले होते.

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. चौदा प्रवासी आणि दोन चालक अशी सोळा तोंडे, बारा दिवसांची सहल. आम्ही बी. कॉम. झालेलो, कचेरीत हिशेब ठेवणारे, म्हणून शिधा आमच्याकडे आला. घाऊक घेतले की स्वस्त पडते या हिशेबाने आम्ही एकशे दहा किलो सामान भरले. तांदळाचे मोठे पोते, गव्हाचे पीठ, बाजरीचे पीठ, तूरडाळ, पाच किलो टोमॅटो, तेलाचा पंधरा लिटरचा डबा. दुसऱ्याच दिवशी टोमॅटोचा रस्सा झाला. तेलाच्या डब्याचे झाकण सैल होते, ते तांदळात झिरपले. बाजरीचे पीठ आठवड्यात कडू झाले, कारण त्यात तेलाचा अंश असतो आणि दळल्यावर ते फार टिकत नाही. ही गोष्ट आमच्या आईला ठाऊक होती, पण आम्ही तिला विचारलेच नव्हते. घरी परतलो तेव्हा अडतीस किलो सामान शिल्लक होते. दोन राज्ये ओलांडून आम्ही ते फिरवून आणले होते.

पैशाचे नुकसान भरून निघते. वेळेचे तसे नसते.

सारनाथला आम्ही गुरुवारी दुपारी पोहोचलो. पोरेबाळे भुकेली होती. वहिनी आणि आणखी दोघी बायका कणीक मळायला बसल्या. सोळा जणांना तीन-तीन म्हणजे अठ्ठेचाळीस चपात्या. एका तव्यावर एकीला दोन मिनिटे धरली तरी शहाण्णव मिनिटे नुसत्या लाटण्या-भाजण्याची. त्यात तूरडाळ शिजेना. बाकीचे लोक धम्मेक स्तूपाला वंदन करून, संग्रहालय पाहून आले. तिथे अशोकाच्या स्तंभावरचे चार सिंहांचे मूळ शिल्प आहे. तेच २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाचे बोधचिन्ह झाले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बघून या, मी उद्या सकाळी बघीन." दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. दारावरचे कुलूप पाहून त्या गप्प गाडीत येऊन बसल्या. बुद्धगयेपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेत त्या फारसे बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर महिना-दीड महिन्याने भाजीच्या हिशेबाची वीस रुपयांची नोट आमच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे सिंह रोज नोटेवर बघते. सारनाथला जाऊन मी बघितला तो कुकर."

आम्हाला उत्तर सुचले नाही. सहलीची वर्गणी त्यांनीही आमच्याइतकीच भरली होती, तीही शिवणकामाच्या पैशातून. तेव्हा आमच्या ध्यानात आले की शिधा ठरवणारा माणूस हा बायकांचा वेळही ठरवत असतो. चूक वहिनींची नव्हती, संग्रहालयाचीही नव्हती. चूक आमच्या यादीची होती.

त्या सहलीतील आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यावरूनच दुसऱ्या यादीचे नियम निघाले.

कुशीनगरहून श्रावस्तीकडे जाताना पहाटे दाट धुके पडले. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत असे धुके पडते की पुढची गाडी दिसत नाही. चालकाने शहाणपणाने गाडी बाजूला घेतली. पाच तास आम्ही तिथेच. आमच्यातल्या एक मावशी मधुमेहाच्या. त्यांनी सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळले. साखर होती, गूळ होता, पण सगळे तळाला, बॅगांच्या खाली दबलेले. शेवटी एका पोराच्या खिशातल्या गोळ्या-बिस्किटांनी वेळ निभावली. एकशे दहा किलो सामान गाडीत असून वेळेला तीन चमचे साखर हाताशी नव्हती.

दुसरी गोष्ट सांगताना आम्हाला आजही लाज वाटते. त्या गाडीत मागच्या आसनाखाली आम्ही पाच किलोचा गॅस सिलिंडर ठेवला होता. "सगळेच नेतात," असे म्हणून ठेवला. सात महिन्यांनी, २६ ऑगस्ट २०२३ रोजी, तमिळनाडूत मदुराईला उत्तर प्रदेशातून आलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेच्या डब्याला आग लागली. डबा स्थानकाजवळ उभा होता, आत लपवून आणलेल्या सिलिंडरवर चहा-कॉफी चालली होती. नऊ माणसे गेली. ती बातमी वाचून आमच्या डोळ्यांसमोर आमची गाडी, मागचे आसन आणि त्यावर झोपलेली मुले आली. रेल्वेत असे ज्वालाग्राही सामान नेणे हा गुन्हा आहे, १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंद मोटारीतही गॅस गळला तर बाहेर पडायला दार एकच असते. तेव्हा पहिला नियम, भरलेला सिलिंडर माणसांच्या गाडीत नको. चालती गाडी असो की उभी, आत चूल पेटवायची नाही.

मग शिजवायचे कशावर? जिथे मुक्काम करायचा त्या विहाराला, धर्मशाळेला आधी फोन करून स्वयंपाकाची सोय विचारावी. पुष्कळ ठिकाणी ओटा मिळतो. नसेल तर त्या गावातल्या मंडपवाल्याकडे (तिकडे 'टेंट हाउस' म्हणतात) शेगडी आणि मोठी भांडी भाड्याने मिळतात. वीज असेल तर सोबतची इंडक्शन शेगडी चालते. दुसऱ्या सहलीत, डिसेंबर २०२४ मध्ये, आम्ही हे सगळे महिनाभर आधी कागदावर लिहून ठेवले होते.

आता यादी. सोळा माणसे, त्यांतले दहा दिवस आपला स्वयंपाक. पहिला दिवस घरच्या डब्याचा आणि शेवटचा परतीचा, म्हणून बारातले दोन वजा केले. दर माणशी एका जेवणाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि चाळीस ग्रॅम डाळ पुरते. सोळा गुणिले शंभर गुणिले दहा म्हणजे सोळा किलो तांदूळ. डाळ साडेसहा किलो. तूरडाळ घरी ठेवा. तिला वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागते. मूग आणि मसूर लवकर शिजतात. निम्मी मूगडाळ खिचडीसाठी, निम्मी मसूर वरणासाठी.

चार सकाळी पोहे, माणशी साठ ग्रॅम, म्हणजे चार किलो. तीन सकाळी उपमा, माणशी पन्नास ग्रॅम, म्हणजे अडीच किलो रवा. बाकीच्या सकाळी भडंग, शेंगदाणे, केळी. चहा दिवसाला दोन कप धरला तर तीनशे वीस कप होतात. कपाला अडीच ग्रॅम पूड म्हणजे आठशे ग्रॅम, आणि दहा ग्रॅम साखर म्हणजे सव्वातीन किलो. वरकड धरून साखर चार किलो घ्या. तेल चार किलो, तेही एकेक लिटरच्या पिशव्यांत आणि त्या सगळ्या एका बादलीत उभ्या. फुटली तर बादलीत सांडेल. मीठ दीड किलो. शेंगदाणे दोन किलो. शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी मिळून दोन किलो. सुक्या खोबऱ्याची चटणी पहिल्या चार दिवसांत संपवावी, नाहीतर ती खवट होते. मेतकूट, गूळ, हळद-तिखट, गोडा मसाला, लिंबाचे लोणचे. सुकटीची चटणी न्यायची की नाही यावर आमच्या बैठकीत अर्धा तास वाद झाला. शेवटी बंद गाडीतल्या वासाचा विचार करून ती घरीच राहिली. ज्यांना फार वाईट वाटले त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री ती पोटभर खाल्ली.

तांदूळ सोळाच्या सोळा किलो घरून नेऊ नका. आठ किलो न्या, उरलेला वाटेत घ्या. उत्तर प्रदेश, बिहार हा भाताचाच मुलूख आहे. जे वाटेत मिळते ते घरून ओढत न्यायचे नाही, हा दुसरा नियम. कांदे-बटाटे, भाजी, दूध, दही रोजच्या रोज तिकडेच घ्यावे. बिहारात सत्तू मिळतो. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ ते. पाण्यात मीठ, लिंबू, कांदा घालून कालवले की चूल न पेटवता दुपारची सोय होते. तिकडचा 'चूडा' म्हणजे आपले पोहेच, ते दह्यासोबत खातात. लिट्टी-चोखा रस्त्यावर गरम मिळतो. तिकडची माणसे काय खातात ते चाखून पाहणे हाही प्रवासाचाच भाग आहे. अशा रीतीने आमचे घरून नेलेले सामान चाळीस किलोच्या आत बसले.

तिसरा नियम, काम घरी करायचे, वाटेत नाही. रवा घरीच तेलात मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची घालून कोरडा भाजावा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा, कारण गरम भरला तर झाकणाला घाम येतो आणि बुरशी धरते. वाटेत उकळते पाणी आणि मीठ घातले की उपमा. खिचडीसाठी एका रात्रीचा एक किलो सहाशे ग्रॅम तांदूळ आणि सहाशे चाळीस ग्रॅम मूगडाळ निवडून एका पिशवीत बांधावी. हळद, तिखट, मीठ, मसाला यांची पुडी निराळी करून त्याच पिशवीत ठेवावी. पुडी निराळी का? तांदूळ धुताना मसालाही वाहून जाईल म्हणून. पहिली पिशवी भरताना आम्ही हीच चूक केली होती, वहिनींनी वेळीच सांगितले. पिशवीवर तारीख लिहावी. संध्याकाळी कोणीही, अगदी आमच्यासारखा माणूसही, पिशवी उघडून खिचडी लावू शकतो.

वाटेत चपात्या लाटायच्या नाहीत, हे बैठकीत एकमताने ठरले. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात मळलेल्या दशम्या घरून न्याव्यात, त्या टिकतात. पुढे ज्याला रोटी हवी त्याने ढाब्यावरची विकत घ्यावी.

कुकर दहा-दहा लिटरचे दोन घ्यावेत. खिचडी, डाळ फेसाळते, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, नाहीतर वाफेची वाट बंद होऊन अपघात होतो. इंधन वाचवायची एक जुनी रीत आहे. भात पाच-सात मिनिटे रटरट उकळू द्यावा, घट्ट झाकण लावून पातेले दोन गोधड्यांत गुंडाळून तासभर ठेवावे. आतल्या उष्णतेवर तो शिजतो. मात्र तो तसाच रात्रभर ठेवून सकाळी खाऊ नये. उबदार राहिलेल्या भातात रोगजंतू वाढतात आणि पुन्हा गरम करूनही त्यांचे विष जात नाही.

भरण्याची पद्धत आम्ही वाणिज्य शाखेच्या पुस्तकातून घेतली. जे आधी आले ते आधी जावे. दोन पत्र्याच्या पेट्या घेतल्या. पहिल्या पाच दिवसांची पेटी दाराजवळ, पुढच्या पाच दिवसांची तिच्या मागे. काचेची बरणी एकही नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली, एका वहीत जमा, खर्च, शिल्लक रोज रात्री लिहिली. वही सगळ्यांना पाहायला खुली ठेवली. वर्गणीच्या सहलीत भांडणे जेवणावरून क्वचित होतात, हिशेबावरून हमखास होतात.

पेट्यांखेरीज एक 'हाताशी डबा' ठेवा. तो चालकाच्या मागच्या आसनावर, कधीही बॅगेखाली नाही. त्यात साखर, ग्लुकोजची बिस्किटे, गूळ-शेंगदाणे, मीठ, चमचा आणि पेला. मधुमेही माणसाला घाम, थरथर, घाबरे झाले आणि तो शुद्धीवर असला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच धरावा.

पाण्याबद्दल शेवटी लिहीत असलो तरी यादीत ते पहिले लिहा. माणशी तीन लिटर पिण्याचे म्हणजे सोळा जणांना अठ्ठेचाळीस लिटर. वीस लिटरचे तीन जार सकाळी भरलेले हवेत. साठ किलो वजन होते, ते टपावर ठेवू नये, खाली मधोमध ठेवावे. शंका असेल तिथे पाणी उकळून घ्यावे.

पाण्याचा विषय निघाला की आम्हाला बाबासाहेबांच्या लहानपणीचा प्रवास आठवतो. १९०१ साली, जेमतेम दहा वर्षांचे असताना, ते इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्थानकापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. सोबत घरून दिलेले भरपूर जेवण होते. पण जात कळल्यावर वाटेत कोणी पाणी देईना. डबे भरलेले असून मुले रात्री उपाशी झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी ते लिहून ठेवले आहे. आमच्या आजीच्या पिढीत गाठोड्यात भाकरी बांधून निघण्यामागे बचतीपेक्षा हेच कारण अधिक होते. हॉटेलात कप वेगळा मिळेल, ओसरीवर बसवतील, त्यापेक्षा आपली भाकरी बरी. आज आपण शिधा नेतो तो पैसे वाचावेत आणि पोट सांभाळावे म्हणून. या दोन प्रकारच्या शिदोऱ्यांतला फरक आपल्या मुलांना सहलीतच सांगावा. गाडीत वेळ भरपूर असतो.

आता वहिनींचे सांगून संपवतो. २०२४ च्या सहलीत स्वयंपाकाच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. पुरुष आणि बायका एकाच डब्यातल्या चिठ्ठ्या. चालकांना सूट, कारण त्यांनी झोपलेच पाहिजे. मुक्काम असे आखले की सारनाथला बुधवार येईल. त्या दिवशी चिठ्ठी आमची निघाली. सकाळी उपमा अर्ध्या तासात झाला, भांडी दोन कॉलेजच्या मुलांनी घासली. संग्रहालय उघडताच वहिनी आत गेल्या. आम्ही तासाभराने पोहोचलो तरी त्या सिंहांसमोरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, नोटेवर तीनच दिसतात. चौथा मागे आहे, तो आज बघितला." मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "रात्रीची पिशवी पहिल्या पेटीत, डाव्या बाजूला आहे. पाणी अडीचपट घाला. मी स्तूपाकडून जाऊन येते."

त्या रात्री खिचडी थोडी लागली होती. कोणी तक्रार केली नाही. परतल्यावर पेट्यांत शिल्लक निघाली ती सव्वा किलो पोहे, अर्धा किलो साखर आणि जवसाची चटणी. ती वहीत लिहून, समान वाटून दिली.

यंदा जे निघणार आहेत त्यांनी आपली माणसे आणि दिवस मोजून वरचे आकडे त्या प्रमाणात कमी-जास्त करावेत. आणि यादी करायला बसताना घरातल्या बायकांना सोबत घेऊन बसावे.

जयभीम!